पडद्यावरची पेशंट

तीन रिटायर्ड डॉक्टर एका सोफ्यावर बसले की किस्से साचणारच. कार्डिफमध्ये वसंताच्या घरी आमचे रविवार असेच जायचे. पण महिन्यापूर्वी त्याचा स्कॅन झाला, पँक्रियाजचा कॅन्सर पार पसरलेला निघाला, आणि आता यातला एकही किस्सा मला धड हसून सांगता येत नाही.

*

सुरुवात एका जुन्या हॉलिवूड म्युझिकल कॉमेडीने झाली. त्यातली नऊ वर्षांची पोर जिन्यावर अशी काही नाचली, की वसंता फिदा! "हिचं पुढे काय झालं रे?" म्हणत पठ्ठ्याने तिचे मोठेपणीचे सगळे सिनेमे शोधून काढले. बघतो तर काय, जवळजवळ प्रत्येकात बाई मरते!

*

पहिल्यात टीबी. शिरीष छातीचा डॉक्टर. त्याने लगेच पॉज केलं.

"हा खोकला घशातला आहे. हिला टीबी नाही, हिला डायरेक्टर झालाय!"

*

दुसऱ्यात ऑपरेशन टेबलवर गेली. मी भुलीचा डॉक्टर, मला राहवेना. "अरे, श्वासाची नळी अन्ननलिकेत घातलीय! मारलं की रे पोरीला!"

माझा आवाज ऐकून शेजारची गोरी म्हातारी धावत आली. "एव्हरीबडी ऑल राइट?"

वसंता शांतपणे म्हणाला, "ओन्ली वन डेड. कम इन, हॅव टी!"

*

एकात ती नुसती रिसेप्शनिस्ट होती. आम्ही दोन तास ताटकळलो, ती काही मरेना! शेवटी वसंता खट्टू होऊन म्हणाला, "हाडं तरी मोडायला हवी होती." वसंता हाडांचा सर्जन ना!

नलिनीवहिनी, त्याची बायको, भजी घेऊन आल्या. "लाजा नाही वाटत तुम्हाला?" नाही वाटल्या. भजी मात्र आम्ही संपवली.

*

रिपोर्टनंतर गेल्या रविवारी पहिल्यांदाच जमलो. टीव्ही बंद. शिरीष चिडला होता. "दर आठवड्याला भेटतो गाढवा, बोलला का नाहीस?"

"काही दुखतच नव्हतं रे," वसंता म्हणाला.

वहिनी खिडकीशी उभ्या होत्या. "मला यांचे डोळे दिवाळीतच पिवळे दिसले होते."

"मग बोलायचं नाही का, वहिनी?" मी ओरडलोच.

"मी काय बोलू, भावजी? मी प्रायमरी शाळेतली बाई. दर रविवारी घरात तीन-तीन डॉक्टर बसलेले असायचे. कुणीच काही म्हणालं नाही, म्हणून मी निर्धास्त राहिले."