कंपनीच्या नंबरावरचं घर

पाण्याचे फिल्टर दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या तोंडी दिवसभर एकच वाक्य असतं : "ताई, मोबाइलवर ओटीपी आला असंल, तेवढा सांगा." तो आकडा मिळाल्याशिवाय तक्रार बंद होत नाही, आणि तक्रार बंद झाल्याशिवाय साहेबाचं तोंड बंद होत नाही. आमच्याकडे बोअरचं पाणी असं जड, की कामाला तोटा नाही. मी अंबाजोगाईकडची गावं करायचो, माझा दोस्त तेलगावकडची.

संध्याकाळी आम्ही दोघं आपापल्या घरी कॉम्प्युटरवर गेम खेळायचो. तिशी ओलांडलेल्या बाप्यांचं हे वेड चारचौघांत सांगायची सोय नव्हती. त्यात आमचं भांडण खेळावरून नव्हतंच, ते गेम विकणाऱ्या इंटरनेटवरच्या दुकानांवरून असायचं. तो मोठ्या दुकानाचा भक्त. तिथं घेतलेला गेम त्यांच्याकडे, खेळलेलं सगळं त्यांच्याकडे, आणि आत शिरायला ओटीपी. मी एका लहान दुकानाचा. पैसे दिले की तिथं अख्खी फाइल मिळते. डिस्कवर ठेवा नाहीतर विहिरीत टाका, पुन्हा कोणी विचारत नाही.

"तू इकत घेतलं न्हाई बे, भाड्यानं ऱ्हातोस तिथं," मी म्हणायचो.

"आन् तुज्या दुकानात कोण हाय बे? नुसती मसणवाट. माज्याकडं दोस्त दिसतेत, कोण आलं कोण गेलं कळतंय."

तो खरोखरही भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचा. पाली गावाकडे, धरणाजवळ एक प्लॉट घेऊन ठेवला होता, आणि त्यावर बांधायचं घर तो गेममध्ये बांधत होता. निळं फाटक, स्वयंपाकघराची खिडकी धरणाच्या बाजूला. रविवारी वहिनी त्याच्या खुर्चीमागे उभ्या राहून ओटा इकडचा तिकडे करायला लावायच्या. एका ओट्यावरून नवरा-बायकोत दोन दिवस अबोला झालेला मला माहीत आहे. दोघांचा इतका जीव होता त्या घरात.

उसाच्या दिवसांत तो रात्री मोटरसायकलवरून घरी परतताना एका उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळला आणि जागीच गेला. ट्रॉलीला मागे लाल दिवा नव्हता. आमच्याकडे नसतोच. मला अजून तशी ट्रॉली दिसली की शिव्या सुटतात, आणि ऐकायला समोर फक्त ऊस असतो.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे पांगले, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "भावजी, प्लॉट इकावा लागतोय. त्याच्या आधी ते घर एकदा दावा मला. मंग न्हाई मागनार."

मी त्याचा कॉम्प्युटर लावला. दुकानानं ओटीपी मागितला. कोणत्या नंबरावर, ते वाचलं. नंबर कंपनीचा होता. आमच्या लाइनीत सगळ्यांची हीच खोड. रिचार्ज कंपनी मारते म्हणून गॅसपासून बँकेपर्यंत सगळं आम्ही त्याच सिमवर घालतो. आणि माणूस गेला की साहेब पिशवी, शर्ट आणि सिम घेऊन जातात. इथून ती कधीच गेली होती.

ओटीपी पाठवायचं बटण एकदा दाबलं, पुन्हा दाबलं. शेवटी त्याच नंबरावर फोन लावला. माझ्या मोबाइलवर दोस्ताचं नाव उमटलं आणि अनोळखी आवाज आला, "नमस्कार, फिल्टर सर्व्हिस."

माझ्या तोंडून सवयीनं तेच वाक्य निघालं. ओटीपी आला असंल, तेवढा सांगा.

"गेमच्या दुकानाचा का? सारकाच यायला लागला," तो म्हणाला. "खाली लिवलं व्हतं, हे मी नाही, खातं बंद करा. दाबलं म्या. साहेबानं बजावलंय, असं काय आलं की फ्रॉड समजायचं."

मीही तेच दाबलं असतं. पडद्यावर अक्षरं आली, खातं कायमचं बंद झालं. मी दुकानाला कळवलं, माणूस वारला आहे, त्याच्या बायकोला फक्त एकदा बघायचं आहे. उत्तर आलं, खातेदारानं स्वतः संपर्क करावा.

ते उत्तर मी वहिनींना वाचून दाखवलं.

"तुमी दोगं लई भांडायचात दुकानावरून," त्या म्हणाल्या. "तुमच्या दुकानातून घेतलं असतं, तर ऱ्हायलं असतं का?"

राहिलं असतं. याच टेबलाखालच्या डब्यात राहिलं असतं, फाटकासकट, खिडकीसकट. सगळी वर्षं मी त्याला तेच तर सांगत होतो.

"न्हाई वहिनी," मी म्हणालो. "तिथलं बी गेलं असतं."

"मंग ह्यांचं काय चुकलं न्हाई," वहिनी म्हणाल्या, आणि त्यांनी कॉम्प्युटरवर कापड टाकलं.