तिसऱ्या मजल्यावरची काच

बाबांनी आयुष्यभर बस चालवली. एका खासगी मालकाची, यवतमाळ ते पुसद. सकाळी गाडी सुरू करण्याआधी ते समोरची काच पुसत. आधी ओल्या कागदाने, मग कोरड्या. जुन्या पेपरचा बोळा काचेवर करकर वाजायचा. बाकी गाडी कशीही असो, काचेवर एक डाग त्यांना खपत नसे. "लोकं माह्या डोळ्यानं रस्ता पाहून राह्यले असते," ते म्हणायचे.

आई गेल्यावर ते बाभुळगावचं घर बंद करून माझ्याकडे यवतमाळला आले. माझा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, मोठ्या रस्त्याला लागून. हॉलमध्ये समोरच्या भिंतीभर एकच पक्की बसवलेली काच आहे आणि तिच्या शेजारी उघडणारं एक अरुंद झडप. बाहेरून जाळी नाही, कारण बिल्डरला रस्त्यावरून नुसती काच चमकताना दिसायला हवी होती. ती बाहेरून पुसायची कशी, हा विचार त्याने केला नव्हता. घर घेताना मीही केला नव्हता.

बाबांनी त्या काचेसमोर खुर्ची टाकली आणि तीच त्यांची जागा झाली. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघत बसायचे. पण त्या वर्षी रस्त्याचं रुंदीकरण सुरू होतं. दिवसभर धूळ उडायची. हिवाळा लागला तशी जिनिंगची कामं जोरात सुरू झाली आणि कापसाचा बारीक तंतू हवेत तरंगायला लागला. पहाटेचं दव पडलं की धूळ आणि तंतू मिळून काचेवर चिकटून बसायचे. जानेवारीपर्यंत आमची काच गढूळ ताकासारखी झाली. बाबा आवाजावरून गाड्या ओळखायला लागले.

एक दिवस मी ऑफिसातून लवकर निघाले. गेटजवळ स्कूटी थांबवून सहज वर पाहिलं, तर झडपातून बाबा कमरेपर्यंत बाहेर आलेले. एका हाताने चौकट धरलेली, दुसऱ्या हातात पेपरचा बोळा. बीपीच्या गोळ्या घेणारा माणूस, अधूनमधून चक्कर येणारा. मला ओरडायचं होतं, पण दचकून हात सुटला तर, म्हणून ओरडता येईना. चौकीदाराला हाताने गप्प राहायला सांगितलं आणि जिना चढले. दार उघडून आत गेले, तेव्हा ते झडप लावून हात पुसत होते.

"काय झालं व? अशी पांढरीफटक काहून पडली?"

"बाबा, तुम्ही काय करून राह्यले होते?"

"काच पुसून राह्यलो होतो. अर्ध्यापर्यंतच हात पुरला."

मी मटकन खाली बसले आणि रडले. ते गोंधळले. पाण्याचा ग्लास आणून माझ्यासमोर धरून उभे राहिले आणि पुन्हा असं करणार नाही म्हणाले. तो शब्द त्यांनी पाळला. पण त्यानंतर खुर्चीवर बसले की त्यांची नजर रस्त्याकडे न जाता काचेवरच अडकायची. जेवणाला हाक मारली तरी उठायचे नाहीत.

काच पुसणारा रोबो मी मोबाइलवर पाहिला होता. असल्या वस्तू आपल्या नाहीत, असंच मला वाटायचं. पण साधं एक मॉडेल आपल्याला झेपेल असं होतं. मागवलं.

खोकं उघडल्यावर बाबांनी तो हातात घेऊन उलटसुलट केला. चौकोनी, जाड पुस्तकाएवढा. पोटाला कापड लावलेलं आणि मधोमध एक भोक. सोबत लांब वायर, रिमोट आणि पडू नये म्हणून बांधायची एक दोरी.

"कायले आणलं हे डबडं? याले चाकं कुठी हाय?"

"काचेवर चिकटून चालते म्हणे बाबा."

"चिकटून? गोंद लावते का?"

पहिल्यांदा आम्ही तो आतल्या बाजूने लावला. बटण दाबल्याबरोबर तो मिक्सरसारखा घरघरला. मी काचेवर टेकवला आणि भीतभीत हात काढला. तो पडला नाही. एवढं वजन गुळगुळीत उभ्या काचेवर, कशाच्याही आधाराशिवाय तसंच राहिलं. मग सरकायला लागला. सरळ वर गेला, वरच्या चौकटीला टेकला, जरा थबकला, बाजूला सरकला आणि खाली आला. मागे ओलसर स्वच्छ पट्टा.

बाबा खुर्चीवरून उठून काचेजवळ आले. यंत्राजवळ तळहात धरला. खालच्या फटीतून येणारी हवा बोटांना लागली असावी, कारण त्यांचा चेहरा एकदम बदलला.

"हे त हवा वढून राह्यलं! आतली हवा काढते अन् बाहेरची हवा याले दाबून धरते." ते माझ्याकडे वळले. "हवेच्या ब्रेकनं बस थांबते हे मले माहीत होतं. हवेनं भिंतीवर चढता येते हे नव्हतं माहीत."

त्या दिवशी तेवढीच काच त्यांनी पुन्हा पुन्हा पुसून घेतली. दर वेळी यंत्र चौकटीपाशी पोचलं की श्वास रोखायचे आणि ते वळलं की माझ्याकडे बघायचे. "त्याले कसं समजते व, काच संपली म्हून?" मला तरी कुठे माहीत होतं? आम्ही दोघंही लहान पोरांसारखे बघत बसलो.

बाहेरचं काम रविवारी सकाळी काढलं. सकाळची बुद्धवंदना आटोपली, चहा झाला. दोरीचं टोक बाबांनी स्वतः दिवाणाच्या पायाला बांधलं. बसच्या टपावर सामान आवळायची त्यांची गाठ होती ती. झडपातून हात बाहेर काढून मी यंत्र मोठ्या काचेवर टेकवलं आणि सोडून दिलं.  खाली तीन मजले, आणि ते आपलं निवांत घरघरत निघालं.

अर्धीअधिक काच झाली. यंत्र पार पलीकडच्या कोपऱ्यात, वर होतं. तेवढ्यात पंखा थांबला. लाइट गेली.

पुसण्याचं काम थांबलं. लाल दिवा लुकलुकायला लागला आणि टीं टीं असा आवाज सुरू झाला. पण ते पडलं नाही. आतली छोटी बॅटरी काही वेळ त्याला धरून ठेवते, असं माहितीपत्रकात वाचलं होतं. किती वेळ, ते काही केल्या आठवेना. रिमोट दाबला, त्याने ऐकलं नाही. मी दोरीला हात घातला.

"वढू नको," बाबा म्हणाले. "धरून हाय ना थे? धरू दे."

दोरी त्यांनी स्वतःच्या हातात घेतली, ताण न देता, नुसती जाणवेल इतकी. खाली चौकीदाराने ते लुकलुकणं पाहिलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना लांबून जायला लावलं. बघताबघता बरेच जण मान वर करून उभे राहिले. 

"धर बाबू, धर," बाबा पुटपुटत होते.

मग काचेवरची नजर न काढता त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. पुसदकडच्या घाटात, भरल्या गाडीत, चढावर ब्रेकच्या हवेचा काटा खाली यायला लागला होता. त्यांनी तिथेच गाडी दाबून धरली. हँडब्रेक ओढला, पाय पेडलवरून हलवला नाही. कंडक्टरने एकेक माणूस उतरवलं. म्हाताऱ्या, लेकरं, एक बाळंतीण. मग चाकांमागे दगड लावले. "सारे उतरेपर्यंत मी गाडीले हेच म्हणून राह्यलो होतो. धर बाबू, धर. तिनं धरलं."

"आईला सांगितलं होतं?"

"कायले? रोज त्याच घाटातून जायचं होतं मले."

मी त्यांच्या हातांकडे पाहिलं. म्हातारपणाने बारीक कापणारे ते हात दोरीवर मात्र अगदी स्थिर होते. लहानपणी रोज संध्याकाळी हा माणूस डबा हलवत घरी यायचा, आणि मला वाटायचं, ड्रायव्हर म्हणजे नुसता बसून काम करणारा.

पंखा गरगरला. लाइट आली. लाल दिवा विझला, टीं टीं बंद झालं. मी रिमोटचं बटण दाबलं, आणि यंत्र जिथे थांबलं होतं तिथूनच, काहीच झालं नसल्यासारखं, खाली उतरायला लागलं. रस्त्यावर टाळ्या पडल्या. चौकीदार ओरडला, "चाललं, चाललं!" बाबांनी डोळे पुसले आणि मग घाम आला म्हणाले. खरंच आलाही होता.

काच इतकी लख्ख झाली की ती आहे की नाही हे बघायला मी बोट लावलं. रस्त्यापलीकडे टेकड्यांची ओळ होती. इतकी वर्षं राहून ती मी त्या खिडकीतून कधी नीट पाहिली नव्हती.

मग बिल्डिंगभर बोलावणी सुरू झाली. बाबा पिशवीत यंत्र घालून, दोरी खांद्यावर टाकून जायचे. लावायला ते आणि गाठ मारायलाही तेच. माझं काम बटण दाबण्याचं.

दुसऱ्या मजल्यावर मागच्या बाजूला एक आजी आहेत. पडून असतात, डोळेही अधू झालेत. त्यांच्या सुनेने बोलावलं म्हणून आम्ही गेलो. यंत्र बाहेरच्या बाजूने चढत होतं आणि आजी उशीवरून मान तिरकी करून पाहत होत्या. एक पट्टा झाला, दुसरा झाला. एकदम त्यांनी सुनेचा हात पकडला.

"थे लिंबाचं झाड हाय का व अजून?"

"आहे ना आई. का?"

"करवतीचा आवाज ऐकला होता म्या. मले वाटलं, रस्ता रुंद करताना थेही गेलं."

झाड कुठेच गेलं नव्हतं. खिडकीपासून हातभर अंतरावर होतं आणि त्याला लालसर कोवळी पालवी फुटली होती. यंत्र वर गेलं, वळलं, आणखी एक फांदी मोकळी झाली. बाबा दोरी धरून उभे होते. आजी एकेक फांदी बघत राहिल्या. संपूर्ण काच होईपर्यंत त्यांनी सुनेचा हात सोडला नाही.