जुलाबाचा पाय चार्ट

धुळ्यातल्या एका तालुक्याच्या आरोग्य कार्यालयात मी कंत्राटी डेटा ऑपरेटर होते. मूळची नशिराबादची, शिक्षण बी.एस्सी. स्टॅटिस्टिक्स. कोणत्या आकड्यांना कोणता आलेख, एवढं तरी मला नक्की कळत होतं.

त्या पावसाळ्यात गावोगावचे जुलाबाचे आकडे दर आठवड्याला माझ्याकडे येत. मी त्यांचा साधा रेषेचा आलेख काढला. बाकी गावांच्या रेषा जमिनीलगत सरपटत होत्या, पण टोकाच्या एका लहानशा गावाची रेषा दोन आठवड्यांत सरळ वर गेली होती. मी ती आमच्या साहेबांना, म्हणजे तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना, दाखवली.

"ही कसली वेडीवाकडी रेघ? आढावा बैठकीत हे दाखवायचं? पाय चार्ट करा. वर्षभराची बेरीज घ्या, रंग छान द्या."

"साहेब, त्यात हे गाव दिसणारच नाही. लोकवस्ती थोडी आहे, आणि कधी वाढलं तेही कळणार नाही."

"आकडे खोटे होतील का?"

"नाही."

"मग झालं."

आकडे खरेच राहणार होते, म्हणूनच माझ्या अंगाचा तिळपापड झाला. खोटं असतं तर पकडता तरी आलं असतं. तरीही मी मुकाट्याने पाय चार्ट केला. कंत्राट संपायला आलं होतं. त्या गावाच्या वाट्याला केसाएवढी पिवळी फट आली.

आठ दिवसांनी बैठक झाली. पडद्यावर ते रंगीत वर्तुळ आलं. जिल्ह्याहून आलेल्या मॅडमनी मान डोलावली. साहेब म्हणाले, "परिस्थिती पूर्ण आटोक्यात आहे."

मागच्या रांगेतून त्याच गावची आशा कार्यकर्ती उठली; तिला सगळे आशाताईच म्हणत. वयाने माझ्या आईएवढी असेल.

"साहेब, यामा आमनं गाव कोठे शे?"

साहेबांनी लेझरचा लाल ठिपका त्या फटीवर फिरवला. "हे काय, इथे."

"इतलंसं? बठ्ठं गाव आजारी शे!"

सगळंच गाव आजारी, हे ऐकून कोणीतरी हसलं. त्या हसण्याने माझं डोकं फिरलं. मी उठले, लॅपटॉप माझ्याकडे ओढला आणि रेषेच्या आलेखाची जुनी फाइल उघडली. साहेब दबक्या आवाजात म्हणाले, "बसा खाली." मी बसले नाही.

मॅडमनी चष्मा वर केला. "ही रेषा इथून एकदम का चढली?"

"तवय पाण्याना पाइप फुटना, मॅडम. गटारीनं पाणी नळमा येस," आशाताई म्हणाली.

त्याच दिवशी गावचा नळ बंद झाला, टँकर गेला, आणि आठवडाभरात पाइप बदलला. साहेबांनी पुढे माझं कंत्राट वाढवलं नाही. त्याचा राग आला, पण तो लवकर ओसरला.

दुसरा राग, माझा माझ्यावरचा, ओसरला नाही. बैठक संपल्यावर आशाताईने मला व्हरांड्यात गाठलं. मला वाटलं, आभार मानेल.

"ताई, ती रेघ तुमनाकडे कवयपासून व्हती?"

"आठ दिवसांपासून," मी म्हणाले.

तिचा चेहरा कठोर झाला. "मनी नात चार दिनपासून दवाखानामा शे," ती म्हणाली, आणि पिशवी खांद्याला लावून बस स्टँडकडे निघून गेली.