पाचवं नख

सूचौच्या रेशीमगल्लीत फांग सूलान तीस वर्षं कापडावर ड्रॅगन भरत होती. खवले, मिशा, डोळे हे सगळं तिने डोळे मिटूनही भरलं असतं. भीती एकाच गोष्टीची, नखांची. पायाला पाच नखं असलेला ड्रॅगन बादशहाच्या घरचा, बाकीच्यांनी चारांवर भागवायचं. पाचवं भरलं, तर घालणाऱ्याबरोबर भरणारीचीही मान जायची. ढगांतून हिंडणाऱ्या, पाऊस पाडणाऱ्या जीवाला आपली नखं किती हे सरकारला विचारावं लागतं, असं ती म्हणायची. अर्थात घरातच, दार लावून.

मिठाचा व्यापारी पान युंगफू याने हुद्दा विकत घेतला आणि लगेच अंगरखा भरायला टाकला.

"पाच नखं हवीत."

"शेठ, तुमचा हुद्दा चार नखांचा. तोही बाजारातून आणलेला."

"वरून झगा असतो बाई, कोण बघतंय? नाहीतर गावभर सांगेन, सूलानबाईंचे डोळे गेले."

तसं झालं असतं तर तिच्याकडे कुणी काम टाकलं नसतं. तिने पाच भरली. त्याची तर किळस आलीच, स्वतःचीही आली.

पुढे पानच्या आईची सत्तरी आली, ऐन उन्हाळ्यात. मामलेदारसाहेब स्वतः येणार म्हटल्यावर पानची छाती फुगली. मग आठवलं की उकाड्यात पाहुण्याला वरचा झगा उतरवायचा आग्रह करायचा असतो, आणि पाहुण्याने उतरवला की यजमानानेही. त्याने सूलानला तातडीने बोलावून घेतलं.

"दुसरा अंगरखा घाला की."

"ड्रॅगनचा एवढा एकच आहे हो!"

नऊ ड्रॅगन, छत्तीस पाय. पान हात पसरून उभा आणि सूलान त्याच्या अंगावरच सुईने एकेक नख उसवत बसली.

"अहो, टोचतंय!"

"मान जाण्यापेक्षा बरं. आणि हलू नका, माझीही जायची आहे."

शेवटचं नख निघालं तेव्हा पालखी दारात टेकली होती. साटिनवर सुईची भोकं राहिली, ती तिने बोटाने घासून बुजवली आणि पडद्याआड सरकली.

मामलेदाराने म्हातारीला वाकून नमस्कार केला. पानने आग्रह केला. साहेबांनी वरचा झगा उतरवला. छातीवर ड्रॅगन होता, आणि त्याला पाच नखं होती.

सूलानने दोनदा मोजली. तीस वर्षं ती ज्या नखाला घाबरून नीट झोपली नव्हती, ते साहेब मजेत मिरवत होते. संतापाने तिला रडू फुटलं.

तेवढ्यात पान पडद्याआड घुसला. "बाई, परत लावता येतील का हो? जेवणाच्या आत?"

सूलानने उसवलेल्या जरीचा गोळा त्याच्या हातात कोंबला आणि सगळ्या दिवाणखान्याला ऐकू जाईल असं म्हणाली, "मला काय विचारता? साहेबांना विचारा, त्यांची पाच कोणी भरली!"

मामलेदाराने तेवढ्या उकाड्यात झगा परत अंगात घातला आणि गळ्यापर्यंत बंद बांधले.