शपथेबाहेरची वाफ

दीनानाथ आमच्या गावचा. तीस वर्षांपूर्वी फरीदाबादला जाऊन कारखान्यात लेथवर उभा राहिला तो कायमचाच. जाताना त्यानं खंडोबाच्या भंडाऱ्याची डबी नेली आणि खिशात सिगारेटचं पाकीट. दोन्ही जन्मभर सांभाळलं.

पुढे त्याच्या बायकोची, कुमुदिनीची, मूत्रपिंडं निकामी झाली. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. दीनानाथचं मूत्रपिंड तिला जुळलं. डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशनआधी दोन महिने स्मोकिंग बंद. बिल्कुल."

त्यानं देवापुढे भंडारा उचलला. "आजपासून सिगारेटला शिवणार नाही."

आणि शिवला नाही. पण वर्षभरापासून सिगारेटच्या जोडीला बॅटरीवर चालणारी वाफेची नळीही, व्हेप, होती. बंदी असलेली ती नळी कारखान्यातला राजाभाऊ दिल्लीतल्या मुनिरक्याहून आणून देई. "यात धूर कुठंय, दीनू? वाफेनं कुणी मरतं का?" दीनानाथनं भंडाऱ्याच्या शपथेत नळी धरली नव्हती. जिन्यात उभा राहून तो ती ओढायचा आणि शब्दाला जागल्याच्या समाधानात घरात शिरायचा.

कुमुदिनी रोज त्याचा सदरा हुंगायची. "तीस वर्षांत पहिल्यांदा माणसासारखा वास येतोय तुम्हाला," ती म्हणायची.

ऑपरेशनच्या चार दिवस आधी रक्त तपासलं. निकोटिन निघालं.

"सिगारेट नाही ओढली, साहेब. देवाची आण घेतलीय."

"नळीतही निकोटिनच असतं. नसा आवळतात, जखम भरत नाही. फुफ्फुसं तर आधीच थकलीत तुमची. तुम्हीच टेबलावर राहिलात तर? आजपासून पुन्हा दोन महिने."

घरी परतताना रिक्षात कुमुदिनीनं त्याचा सदरा हुंगला. मग म्हणाली, "आंब्याचा वास यायचा. मला वाटलं, साबण बदललात."

"कुमुद, मी शब्द मोडला नाही गं."

"नाही मोडलात. आणखी दोन महिने काढायचे मात्र मला आहेत."

त्या दिवशी नळी नाल्यात गेली. पाचव्या आठवड्यात डायलिसिसच्या नळीवाटे जंतू रक्तात शिरले. तिसऱ्या दिवशी कुमुदिनी गेली.

तेरावं उरकून दीनानाथ गावी आला. देवळाच्या अठरा पायऱ्या चढताना धाप लागून दोनदा बसला. पुजाऱ्यानं भंडाऱ्याचं ताट पुढे केलं. दीनानाथनं मान झुकवली. भंडारा उचललेले हात मात्र पाठीमागे घट्ट धरून ठेवले.