विलासदादाचे लोखंडी पाय

माणूस जिवंत असताना त्याचे किस्से कोणी जमवत नाही. तो गेला की जो भेटायला येतो तो एक ठेवून जातो. विलासदादाला जाऊन अजून महिनाही झाला नाही, आणि आमच्या ओसरीवर नुसता ढीग लागलाय. लोक सांगतात, हसतात, मग माझ्याकडे पाहून गप्प होतात. अरे, हसा ना बे! त्याला हसवायलाच आवडायचं. माझ्याकडचेही आहेत काही. ऐका.

दादा माझा थोरला भाऊ, जंगलात गाइड होता. बुद्धपौर्णिमेच्या प्राणीगणनेत मचाणावरून पडला आणि पाठीचा कणा गेला. कमरेखाली सुई टोचली तरी कळायचं नाही. मी त्याला पाठीवर घेऊन फिरायचो. मग नागपूरची एक कंपनी आमच्या जंगलाच्या गेटवर अंगात घालायचे रोबोट घेऊन आली. ज्यांना चालता येत नाही अशा पर्यटकांनाही जंगल पायी दाखवायचं, असा त्यांचा प्लॅन. कमरेला पट्टा, पायांना लोखंडी पट्ट्या, गुडघ्यात मोटर, हातात काठ्या. आधी वापरून पाहायला गावातला माणूस हवा होता. दादानं हात वर केला. माझ्या कानात म्हणाला, "मायले सांगू नको. एक दिवस तिच्यापुढं तुया हाताशिवाय उभा राहतो, तवाच तिले दाखवू."

*

पहिल्या दिवशी कंपनीच्या केतकी मॅडम त्याला धीर देत होत्या. "घाबरू नका विलासभाऊ. तोल गेला तर मशीन आपोआप थांबते."

दादा म्हणाला, "मीबी तसाच हाव, मॅडम. मचाणावरून पडलो तवापासून थांबलोच हाव!"

मॅडम हसल्या. मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्या गाडीत जाऊन बसल्या. बराच वेळ बाहेरच आल्या नाहीत.

*

गुडघे गेलेली एक बाई पुण्याहून आली. तिच्यासाठी हलकं मशीन होतं. दादा पुढे, ती मागे, आणि दोघांच्या मोटरींची कींऽकीं. थोडं चालल्यावर ती चिडली. "इतक्या आवाजात वाघ दिसणार कसा हो?"

"आपल्याले नाई दिसन, बाई. पण वाघानं त असं कधी पाह्यलं नसन ना! त्याचंबी पर्यटन होऊ द्या."

जाताना बाईनं दादासोबत फोटो काढला. वाघाचा एकही फोटो नव्हता तिच्याकडे.

*

तलावाच्या वाटेवर गोंडांचं देवस्थान आहे. तिथं पाय धुतल्याशिवाय कोणी आत जात नाही. तिथले पुजारी बाबा झाडाखाली बसलेले. दादाकडे पाहून म्हणाले, "जोडे काढ."

मॅडम पुढे झाल्या. "बाबा, हे जोडे नाहीत."

"मंग काय हाय?"

दादा म्हणाला, "पाय हाय, बाबा. माये पाय."

बाबांनी वरपासून खालपर्यंत मशीन पाहिलं. मोटर पाहिली, वायरी पाहिल्या.

"मंग धुवून ये."

मॅडम ओरडल्या, "पाणी नको! सर्किट जाईल!" शेवटी मी गमछा ओला केला, पिळला आणि एकेक पट्टी पुसून काढली. बाबा नीट पाहत होते. टाच राहिली होती, तीही पुसायला लावली!

*

एकदा आडवाटेला बॅटरी संपली. गुडघे लॉक झाले आणि दादा काठ्या रोवून उभ्याचा उभा. मी दुसरी बॅटरी आणायला धावत सुटलो. जंगलात माणसाला एकटं सोडू नये, हे अर्ध्या वाटेत सुचलं. तसाच परत पळालो.

पाहतो तर दादाच्या अवतीभवती चितळं चरताहेत. एक पिल्लू तर त्याची काठी हुंगत होतं.

दादा ओठ न हलवता बोलला, "हळू ये बे, येड्या. हे मले झाड समजून राह्यले."

त्याच्या गालावरून पाणी वाहत होतं, आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

*

हा किस्सा कोणी सांगत नाही. मीच सांगतो.

मॅडमनी बजावलं होतं, मशीन काढलं की रोज कातडी तपासायची. पट्टी घासली तर त्याला कळणारच नव्हतं. मी विचारलं की दादा म्हणायचा, "पाह्यली ना. एकदम चकाचक." मला जवळ येऊ द्यायचा नाही. एका संध्याकाळी त्याचा मोजा ओढला तर हातात रक्तच आलं. घोट्यापाशी खड्डा पडलेला. मी बोंबलायला लागलो.

तो म्हणाला, "मले दुखते का? नाई ना? मंग तू काऊन रडतं?"

डॉक्टरांनी मशीन बंद करायला सांगितलं. जखम भरेपर्यंत अजिबात नाही. दादानं "हो" म्हटलं. मग एकदा घातलंच. त्यानंतर ताप आला, विष अंगभर पसरलं, आणि दवाखान्यातून मी त्याला पुन्हा पाठीवरच... जाऊ द्या.

*

ते एकदा म्हणजे माय आली तो दिवस.

मायनं या जंगलात आयुष्यभर मोह वेचला, तेंदूपत्ता तोडला. गेटमधून पर्यटक म्हणून ती पहिल्यांदाच येत होती. नवीन लुगडं नेसून आली. गार्ड म्हणाला, "काय मावशी, वाघ पाहाले का?"

"नाई रे बाबा. पोरानं बोलावलं."

तलावाच्या काठी दादा उभा होता. मी त्याला धरून होतो. माय दिसली तसा तो म्हणाला, "सोड."

मी सोडलं. तो थरथरला, पण उभा राहिला. मॅडमनी मोबाइल वर धरला.

माय जवळ आली. इतकी वर्षं ती त्याच्याशी खाली वाकून बोलायची. आता तिला मान वर करावी लागली. तिनं पदरानं त्याच्या कपाळाचा घाम पुसला, गळा पुसला. मग त्याच्या छातीवर हात ठेवून म्हणाली,

"झालं ना, बापा? बस आता. थकला अशीन."

दादा तिच्याकडे पाहत राहिला. मग मला म्हणाला, "खुर्ची आन बे."