मोठ्याने विचारलेला प्रश्न

हे आईलासुद्धा माहीत नाही. मैत्रिणींना तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय — तेही नीट ठाऊक नाही.

वाशिम जिल्ह्यातल्या मालेगावच्या पुढे एका गावात सरकारी उपकेंद्र आहे, तिथे मी आरोग्य अधिकारी आहे. अधिकारी हा शब्द मोठा. काम म्हणजे बीपी-शुगर तपासायची, गोळ्या द्यायच्या आणि माणसं पुन्हा पुन्हा येत राहतील असं बघायचं. किती जण आले, किती जणांचं बीपी आटोक्यात राहिलं, यावर माझ्या पगाराचा एक भाग ठरतो. सुरुवातीला कोणी येतच नसे. मी वाशिमच्या इंग्रजी शाळेत शिकलेली, अनोळखी माणसांसमोर अगदी हळू बोलणारी. घरोघर जायचे, दारात उभी राहायचे, पाणी पिऊन परत यायचे.

मग सिंधूमावशी आल्या. गावातल्या बायकांचे ब्लाउज शिवणाऱ्या. माप द्यायला आलेल्या बाईला त्या हक्काने रागवायच्या — "पाय सुजले तुहे, अन् दवाखान्यात काहून नाही गेली व?" दर मंगळवारी आठ-दहा जणींना सोबत घेऊन यायच्या. माझं काम त्यांच्यामुळेच उभं राहिलं. मला आनंदच व्हायला हवा होता, नाही का?

एकदा एका आजींचं बीपी पहिल्यांदाच नॉर्मल आलं. मी म्हटलं, "गोळ्या वेळेवर घेतल्यात, छान!" आजी म्हणाल्या, "गोयी तुमची हाय मॅडम, पन आमी खातो ते सिंधू म्हन्ते म्हून." सगळ्या हसल्या. मीही हसले. ग्रामपंचायतीत आरोग्य समितीची बैठक झाली, तेव्हा सरपंचांनी पुढची खुर्ची मावशींना दिली. मी मागे बाकावर. इतकं बारीकसारीक मी लक्षात ठेवते — असा माझा स्वभाव.

मावशींना टीबी झाला होता. औषधं पूर्ण झाली होती, तपासणीत त्या बऱ्या निघाल्या होत्या; त्यांच्यापासून कोणालाच धोका नव्हता. हे मला पक्कं माहीत होतं. "कोनाले कयलं तं बाया कपडा टाकनार नाहीत माह्याकडं," त्या म्हणाल्या होत्या, आणि मी त्यांचा हात धरून शब्द दिला होता.

त्या मंगळवारी व्हरांडा भरलेला होता. सगळ्या त्यांच्याभोवती. माझ्याकडे कोणाची नजर नाही. आणि मी — जिला एरवी "मॅडम, जरा जोरात बोला" म्हणावं लागतं, ती मी — स्वच्छ, मोठ्या आवाजात विचारलं, "मावशी, टीबीच्या गोळ्या संपल्या ना तुमच्या? आता खोकला नाही ना?"

काळजीच्या सुरात. हे सांगायलाच हवं — काळजीच्या सुरात.

शेजारच्या बाईने पदर नाकाला लावला. दुसरीने मूल उचलून घेतलं. मावशी म्हणाल्या, "संपल्या मॅडम," आणि पिशवी घेऊन निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्याच माझी समजूत घालायला आल्या. मी रडत होते ना! "जाऊ द्या. निघते तोंडातून. लहान हाय तुमी." मी मान डोलावली. चुकून निघालं, असंच गाव समजतं. चुकून नव्हतं. वाक्य मी आदल्या दिवशीच मनात जुळवून ठेवलं होतं. गावातली सगळ्यांत बोलघेवडी बाई येऊन बसेपर्यंत थांबलेही होते. नंतर बायकांना सांगितलं, की आता काही धोका नाही — पण ते मात्र माझ्या नेहमीच्या आवाजात.

आता बायका ब्लाउज मालेगावला शिवायला टाकतात. मंगळवारी येतात, माझ्यासमोर बसतात, मलाच विचारतात. मला हवं होतं तेच.

परवा नुकतीच लग्न होऊन आलेली एक सून कापड घेऊन मावशींच्या दारात शिरताना दिसली. मावशींसाठी बरं वाटायच्या आधी, लाज वाटायच्याही आधी मनात आलं — हिला अजून कोणी सांगितलेलं दिसत नाही.